बॅटरी ग्रिप घ्यावी का? चार्जसाठी नको, हातासाठी घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लग्नाच्या ऑर्डर घेणारे छायाचित्रकार कॅनन ८०डी कॅमेरा वापरतात. बॅटऱ्या दोन, लेन्स १८-१३५ आणि ७०-२००. खेड्यावर लाइटचा भरवसा नाही आणि दुपारनंतर बॅटरी संपत येते. सीझनच्या आधी बॅटरी ग्रिप, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने जोडायची, दोन बॅटऱ्या मावणारी आणि दुसरं शटर बटण असलेली पकड, घ्यावी का, घ्यायची तर कंपनीची की बाजारातली स्वस्त, आणि तिचे तोटे काय, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, बॅटरी पुरत नाही एवढंच कारण असेल तर ग्रिप घेऊ नका. ग्रिपमुळे वीज वाढत नाही. दोन बॅटऱ्या खिशात ठेवून आलटून पालटून वापरल्या काय आणि ग्रिपमध्ये एकदम बसवल्या काय, फोटो तेवढेच निघतात. वाचतो तो फक्त बॅटरी बदलायचा अर्धा मिनिट. सप्तपदी चालू असताना तो अर्धा मिनिटही महाग असतो हे खरं, पण त्यासाठी विधी सुरू होण्याआधी भरलेली बॅटरी घालून ठेवणं हा फुकटचा उपाय आहे.

आधी दुपारीच बॅटरी का बसते ते शोधा. तुमच्या कॅमेऱ्याची एलपी-ई६एन बॅटरी १८६५ एमएएचची. कंपनीच्या मोजणीप्रमाणे व्ह्यूफाइंडरमधून एका चार्जमध्ये साधारण ९६० फोटो निघतात, आणि लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढले तर जेमतेम ३००. त्या मोजणीत निम्म्या फोटोंना कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश धरलेला असतो. तुमचा फ्लॅश वरून लावलेला, स्वतःच्या सेलवर चालणारा. म्हणजे लग्नात सलग काम करताना ९६० पेक्षा जास्तच निघायला हवेत. निघत नसतील तर मेनूतलं बॅटरी इन्फो पान उघडा. तिथे रिचार्ज परफॉर्मन्सचे तीन चौकोन दिसतात. तिन्ही हिरवे असतील तर बॅटरी धडधाकट, दोन असतील तर थकायला लागलेली, एकच लाल असेल तर ती बदलायची. अशी लाल बॅटरी ग्रिपमध्ये घातल्याने ती सुधारत नाही. बॅटरी ठीक असेल तर खर्च दुसरीकडे होतोय: वाय-फाय चालू राहिलेलं, प्रत्येक फोटोनंतर आठ सेकंद स्क्रीन पेटलेली, लेन्सचं हलणं सावरणारं स्टॅबिलायझर लागावं म्हणून शटर सतत अर्धं दाबून धरलेलं, आणि सगळ्यात मोठा खाऊ म्हणजे मधूनमधून घेतलेले व्हिडिओ. रिव्ह्यू दोन सेकंदांवर आणा, वाय-फाय बंद करा, बराच फरक पडेल.

आता ग्रिपचा खरा उपयोग. तो उभ्या फोटोत आहे. लग्नाचं काम निम्म्याहून जास्त उभ्या चौकटीत चालतं: नवरीचे एकटीचे फोटो, जोडीचे, हार घालतानाचे, अंतरपाटामागचा चेहरा. ग्रिपशिवाय कॅमेरा उभा केला की उजवं कोपर खांद्याच्या वर जातं आणि मनगट वाकडं होतं. कॅमेरा, फ्लॅश आणि ७०-२०० मिळून अडीच-तीन किलो वजन अशा अवस्थेत तासन् तास धरलं तर संध्याकाळी खांदा आणि मनगट बोलायला लागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हात हवेत असतो, त्यामुळे मांडवातल्या कमी उजेडात १/६० सेकंदाच्या शटरवर काढलेले फोटो हलतात. ग्रिपवर दुसरं शटर बटण असतं. कॅमेरा उभा केला तरी दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली राहतात, पकड आडव्या फोटोसारखीच मिळते. मांडवात चारी बाजूंनी पाहुणे दाटलेले असतात, तिथे वर गेलेलं कोपर मागच्या माणसाच्या तोंडाला लागतं, तेही थांबतं.

फ्लॅशबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ग्रिप असली तरी उभ्या फोटोत फ्लॅश कॅमेऱ्याच्या बाजूला जातो, वर राहत नाही. थेट मारला तर मागच्या पडद्यावर एका बाजूला काळी सावली पडते. फ्लॅशचं डोकं वळवून वरच्या कापडावर मारायची सवय तुम्हाला असेलच, पण कापड गुलाबी किंवा केशरी असेल तर चेहऱ्यावर तोच रंग उतरतो. अशा मांडवात छोटा पांढरा रिफ्लेक्टर लावून अर्धा उजेड पुढे घ्या. ग्रिप घेतल्याने हा प्रश्न सुटेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दुसरा फायदा तोलाचा. ७०-२०० एफ/२.८ दीड किलोच्या आसपास असते आणि तिच्यापुढे ८०डीची बॉडी हलकी पडते, सगळा भार पुढे जातो. खाली ग्रिप आली की करंगळीलाही जागा मिळते आणि तोल हाताशी येतो. १८-१३५ वर मात्र तीच ग्रिप नुसतं ओझं वाटते. ग्रिप सुमारे तीनशे ग्रॅम, वर दुसरी बॅटरी ऐंशी ग्रॅम. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या बिदाईपर्यंत मानेवर हे पाव किलोहून जास्तीचं वजन लोंबतं. मानेचा किंवा कमरेचा त्रास आधीपासून असेल तर हा हिशेब आधी करा.

बसवण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण बिघाड बहुतेक इथूनच सुरू होतात. कॅमेरा बंद करा, कार्डाचा लाल दिवा विझू द्या, बॅटरी काढा. बॅटरीचं दार उघडं ठेवून बिजागरीजवळची बारीक कळ सरकवली की दार सुटून हातात येतं. ओढून तोडायचं नाही. हे दार ठेवायला ग्रिपच्या दांड्यात खाच केलेली असते, तिथेच बसवा, बाहेर ठेवलं की हरवतं. मग ग्रिपचा दांडा बॅटरीच्या खोबणीत सरळ घाला आणि बाजूची चकती फिरवून ग्रिपचा स्क्रू कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडच्या आट्यात घट्ट करा. घट्ट म्हणजे बोटांनी जेवढं होईल तेवढं. नाणं किंवा पक्कड लावून आवळलं तर आटे जातात, आणि ते कॅमेऱ्याचे आटे आहेत, ग्रिपचे नाहीत.

ही चकती हळूहळू सैल होते. कच्च्या रस्त्यावर मोटरसायकलने वीस-पंचवीस किलोमीटर गेलात की नक्कीच होते. सैल ग्रिपचे कॉन्टॅक्ट क्षणभर सुटतात आणि कॅमेरा मध्येच बंद पडतो. त्या क्षणी फोटो कार्डावर लिहिला जात असेल तर तो जातो, आणि ८०डीमध्ये कार्ड एकच आहे, दुसऱ्यावर प्रत पडलेली नसते. म्हणून ठिकाणावर पोचल्यावर बॅग उघडली की पहिलं काम चकती तपासायचं. कॅमेरा आणि ग्रिप दोन हातांत धरून हलकं पिळून पाहा. करकर आवाज आला किंवा फट दिसली तर पुन्हा आवळा. आवळूनही फट राहत असेल तर ती ग्रिप त्या कॅमेऱ्याची नाही किंवा तिचा साचा चुकलेला आहे.

क्रॉस बेल्ट वापरत असाल, म्हणजे खाली ट्रायपॉडच्या भोकात हुक लावून कॅमेरा कमरेशी उलटा लटकवायचा, तर ग्रिपच्या भोकात हुक लावू नका. सगळा भार त्या एका चकतीच्या स्क्रूवर येतो, आणि चालताना बसणारे झटके स्क्रू सैलच करतात. ७०-२०० ला स्वतःची कॉलर, म्हणजे ट्रायपॉडला लावायचा पाय असलेलं कडं, असेल तर हुक तिच्या पायाला लावा. लहान लेन्स असेल तर नेहमीचा पट्टा बॉडीच्या कड्यांनाच ठेवा.

ग्रिपवरच्या शटरजवळ एक ऑन-ऑफ बटण असतं. आडवे फोटो काढताना किंवा कॅमेरा पोटाशी लटकलेला असताना ते बंद ठेवायचं. नाहीतर पोटाला दाबून शटर अर्धं दाबलेलं राहतं, फोकस फिरत राहतो आणि वाचवायला निघालेला चार्ज जातो.

कंपनीची की बाजारातली? ८०डीला कॅननची बीजी-ई१४ बसते, तीच ७०डी आणि ९०डीलाही चालते. जुन्या मॉडेलच्या ग्रिपा दुकानात नव्या मिळणं आता अवघड होत चाललं आहे, पण नागपूर-अमरावतीला जुन्या सामानात सापडतात, आणि चांगल्या अवस्थेतली जुनी ओरिजिनल ग्रिप नव्या स्वस्त ग्रिपपेक्षा केव्हाही बरी. फरक दिसण्यात नसतो. ओरिजिनलचं शटर बटण अर्धं दाबताना आणि पूर्ण दाबताना बोटाला दोन स्पष्ट पायऱ्या लागतात. स्वस्त ग्रिपमध्ये ही पायरी पुसट असते, फोकस घ्यायला जाता आणि फोटोच निघतो. दुसरा दोष ट्रेच्या, म्हणजे बॅटऱ्या बसवायच्या खणाच्या, स्प्रिंगचा: पत्रा पातळ असतो, काही महिन्यांत वाकतो आणि एका बाजूची बॅटरी कॅमेऱ्याला दिसेनाशी होते. तिसरा, कॅमेरा बंद असतानाही काही स्वस्त ग्रिपा बॅटरी पीत राहतात. रात्री भरून ठेवलेल्या बॅटऱ्या सकाळी अर्ध्यावर दिसल्या तर संशय ग्रिपवर घ्या. चौथा, धूळ-पाणी अडवणारं रबर अनेकदा नसतं. तुमच्या बॉडीला थोडंफार सीलिंग आहे, पण खाली बिनरबराची ग्रिप लावली की बॅटरीच्या खोबणीतून हळद, गुलाल आणि रस्त्याची धूळ आत जायला वाट मिळते.

स्वस्त घेणारच असाल तर दुकानातच तपासा. एकच बॅटरी आधी डाव्या, मग उजव्या कप्प्यात घालून कॅमेरा चालू होतो का पाहा. शटर, डायल, एएफ-ऑन, एक्स्पोजर लॉक, फोकस पॉइंट, प्रत्येक बटण दाबा. बॅटरी इन्फोमध्ये दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या दिसायला हव्यात. मोठी लेन्स लावून पिळून पाहा. मग बदलून देण्याची बोली करून घरी न्या, पूर्ण भरलेल्या दोन बॅटऱ्या घालून कॅमेरा बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी टक्के बघा. दोन-तीन टक्क्यांहून जास्त उतरल्या तर परत करा.

बॅटऱ्यांची जोडी करून ठेवा. कॅननच्या ग्रिपमध्ये दोन्हींतून जवळपास बरोबरीने वीज घेतली जाते. एक नवी आणि एक थकलेली घातली तर एकूण टक्के चांगले दिसतात आणि मग अचानक घसरतात. चिकटपट्टीचे तुकडे लावून १ आणि २ असे आकडे टाका, त्या दोघी एकत्र भरा आणि एकत्र वापरा. ग्रिपमध्ये दोन घातल्या की खिशात तिसरी हवीच, हे बरेच जण विसरतात. दोन्ही एकदम रिकाम्या झाल्या तर हाताशी काहीच उरत नाही. नकली बॅटऱ्यांपासून सांभाळा. ‘बॅटरीशी संपर्क होत नाही’ अशा अर्थाचा इशारा कॅमेऱ्याने दिला तर ती बॅटरी ग्रिपमध्ये घालू नका, कारण हलक्या बॅटऱ्या उन्हाळ्यात फुगतात आणि फुगलेली बॅटरी ट्रेमध्ये अशी अडकते की ट्रे बाहेरच येत नाही. जोर लावून, स्क्रूड्रायव्हर घालून काढायला जाऊ नका. लिथियमला भोक पडलं तर आग लागते.

सहा पेन्सिल सेलचा वेगळा ट्रे बहुतेक ग्रिपांबरोबर येतो, आणि खेड्यावर कधी कधी तोच लाज राखतो. पण सेल रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे हवेत. १.२ व्होल्टचे सहा म्हणजे ७.२ व्होल्ट, कॅमेऱ्याच्या बॅटरीएवढेच, आणि २००० एमएएचचे चांगले सेल असतील तर एका बॅटरीइतकं काम होतं. फ्लॅशसाठी असे सेल तुमच्याकडे असतातच, सहा जास्तीचे ठेवा. किराणा दुकानातले साधे सेल यात चालत नाहीत. शटर उडताना लागणारा झटक्याचा करंट ते देऊ शकत नाहीत आणि काही फोटोंतच कॅमेरा बॅटरी संपली म्हणतो.

व्हिडिओवाल्यांचा हिशेब निराळा आहे. गिंबलवर, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या मोटरच्या दांड्यावर, ग्रिप चालत नाही. कॅमेऱ्याची उंची वाढते, तोल साधायला जागा उरत नाही, मोटरवर ताण येतो. प्रत्येक वेळी ग्रिप काढा-लावा करण्यापेक्षा गिंबलची बॉडी वेगळी ठेवलेली बरी. ट्रायपॉडवर मात्र एक चांगला फायदा होतो: बॅटरीचं दार बॉडीच्या तळाला असल्याने प्लेट आड येऊन ते बऱ्याचदा उघडत नाही, ग्रिपचा ट्रे बाजूने निघतो, त्यामुळे कॅमेरा न उतरवता बॅटऱ्या बदलता येतात. पण ट्रे काढला की वीज जाते, चालू रेकॉर्डिंगमध्ये तो काढायचा नाही. वडसा, ब्रह्मपुरी, मूल या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. तसलं काम असेल तर ग्रिपपेक्षा डमी बॅटरी घ्या, म्हणजे बॅटरीच्या आकाराचा ठोकळा आणि त्याला अडॅप्टरची वायर. ८०डी एका वेळी २९ मिनिटं ५९ सेकंदच रेकॉर्ड करतो, म्हणून अंक बदलताना किंवा गाण्यानंतरच्या टाळ्यांत थांबवून पुन्हा सुरू करावं लागतं, ते ग्रिपने बदलत नाही.

ताडोबा, नागझिऱ्याच्या सफारीसाठी ग्रिप घेऊ नका असंच माझं मत आहे. जिप्सीत लेन्स बीनबॅगवर टेकलेली असते, फोटो बहुतेक आडवे, आणि डीएसएलआरची, म्हणजे तुमच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्याची, एक भरलेली बॅटरी एका सफारीला पुरते. उन्हाळ्यात जिप्सीमागे उडणारी लाल माती मात्र ग्रिपच्या प्रत्येक फटीत बसते. १५०-६०० सारखी दोन किलोची लेन्स हातात धरून पक्षी काढणाऱ्याला तोलासाठी ती आवडू शकते, तेवढाच अपवाद. शंकरपटाचंही, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचंही, तसंच. जोडी धावताना कॅमेरा आडवाच फिरवायचा असतो. ग्रिप लावली की फोटोंचा वेग वाढतो हा समज सगळ्या कॅमेऱ्यांना लागू नाही. निकॉन डी८५० मध्ये ग्रिप आणि त्यात ईएन-ईएल१८ जातीची मोठी बॅटरी घातली तर वेग सेकंदाला ७ वरून ९ वर जातो. तुमचा ८०डी ग्रिपसकट आणि ग्रिपविना ७ च देतो.

पुढे कॅमेरा बदलणार असाल तर हेही बघून ठेवा. निकॉनच्या डी७५०, डी७२०० सारख्या बॉडींत ग्रिप तळाच्या कॉन्टॅक्टला जोडते आणि आतली बॅटरी जागेवरच राहते, त्यामुळे ग्रिपचा ट्रे काढला तरी कॅमेरा चालू राहतो. ग्रिपमधली बॅटरी आधी वापरायची की बॉडीतली, हे मेनूत ठरवता येतं; आधी ग्रिपमधली निवडा. कॅनन १५००डीला कंपनीची ग्रिपच नाही, बाहेरच्या ग्रिपा रिमोटच्या भोकात वायर घालून शटर चालवतात, ती वायर कुठेही अडकते. निकॉन झेड६ च्या पहिल्या मॉडेलची एमबी-एन१० ग्रिप नुसता बॅटरीचा डबा आहे, तिच्यावर शटर बटणच नाही, म्हणजे हातासाठी घ्यायची तर काही उपयोगाची नाही. सोनी ए७ ३ ला व्हीजी-सी३ईएम लागते, ए७ ४ ला व्हीजी-सी४ईएम. एकीची दुसरीला बसत नाही. आरशाशिवायच्या कॅमेऱ्यांत स्क्रीन सतत चालू असते, तिथे दोन बॅटऱ्या एकदम असण्याचा फायदा डीएसएलआरपेक्षा खूप जास्त जाणवतो.

तुमच्या पैशांचा क्रम मी असा लावेन: आधी एक ओरिजिनल एलपी-ई६एन किंवा तिच्या जागी चालणारी २१३० एमएएचची एलपी-ई६एनएच, मग दुसरा चार्जर, मग ग्रिप. चार्जर एकच असेल तर एका बॅटरीला साधारण अडीच तास लागतात, आणि तीन बॅटऱ्या भरायला एवढा वेळ सलग लाइट राहील याची खात्री खेड्यावर नसते. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर कमी दाबाच्या विजेवरही तो भरतो, व्होल्टेज स्टॅबिलायझर लागत नाही. मांडवाच्या जनरेटरवर लावला असेल तर जनरेटर सुरू-बंद करताना प्लग काढून ठेवा. गाडीत चालणारा यूएसबीचा डबल चार्जर मिळतो, वरातीच्या वेळात त्याने बरंच काम होतं.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि या चार्जरना ४० अंशांपर्यंतचीच हवा मानवते. भर दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंग टाळा. हातात गरम लागणारी बॅटरी आधी निवू द्या, रात्री किंवा पहाटे भरा, कूलरच्या खोलीत चालेल पण ओल्या झोतासमोर नको. काच बंद केलेल्या गाडीत बॅटऱ्या किंवा ग्रिप लावलेला कॅमेरा ठेवू नका.

पावसाळ्यात मुहूर्त संपले की ग्रिप काढून ठेवा. लावून ठेवलेल्या ग्रिपच्या कॉन्टॅक्टवर घामाचा क्षार आणि दमट हवा मिळून हिरवट थर धरतो. कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा, तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब जातात. खाचेतलं दार काढून कॅमेऱ्याला परत लावा, ट्रे रिकामा ठेवा, सेल तर अजिबात आत राहू देऊ नका. बॅटऱ्या निम्म्या भरून टोपण लावून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा, दीड-दोन महिन्यांनी टक्के बघा आणि खाली गेल्या असतील तर पुन्हा निम्म्यापर्यंत भरा. तुळशीच्या लग्नानंतर पहिली ऑर्डर येण्याआधी सगळं एकदा जोडून शे-दीडशे उभे फोटो काढून पाहा, म्हणजे स्प्रिंग किंवा बटण गेलं असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो.